घेवरचंदजी आणि बिननावाचे चेहरे

आमच्या गावच्या वाचनालयात एक दाखल-वही आहे. नवीन पुस्तक आलं की त्या वहीत त्याला नंबर देतात. त्या वहीत माझं नाव आहे. मी पुस्तक लिहिलं म्हणून न्हाई. मी पुस्तक आहे म्हणून.

हा उद्योग घेवरचंदजींचा, म्हणजे आमच्या ग्रंथपालांचा. एका गुरुवारी त्यांनी मला समोर बसवलं, चष्मा कपाळावर सारला आणि माझ्याकडं बघत बघत लिहायला लागले. "नाव, किसन मिस्त्री. विषय, विहिरी आणि दगडकाम. पानं, अठ्ठ्याहत्तर." पानं म्हणजे वय, हे मला मागून कळलं. "बांधणी ढिली. सुरुवातीची काही पानं गहाळ."

मी म्हणलं, "शेठ, गहाळ काहून? मला माझ्या बारशाचं जेवण आठवतं."

त्यांनी मान वर न करता पुढं लिहिलं, "मजकूर कुठं कुठं वाढवलेला." मंग पेनाचं टोपण लावून म्हणाले, "आणि शेठ म्हणू नका. शेठ तिकडं दुकानावर बसलाय, माझा धाकटा चुलतभाऊ. मी ग्रंथपाल."

जालन्याला मस्तगडात त्यांच्या घराण्याचं कापडाचं दुकान. चार पिढ्यांचं. हा माणूस तिथल्या गादीवर बसायचं सोडून तीस वर्षं झाली सकाळच्या गाडीनं बदनापूरला उतरतो आणि तिथून काळीपिवळी जीपमधी गुडघे पोटाशी घेऊन आमच्या गावात येतो. लग्न केलं न्हाई. कोणी विचारलं तर म्हणतात, "सूचीचं काम राह्यलंय."

त्यांचं बोलणं म्हणजे कुजबूज. वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी आहे, ती या माणसानं गळ्यातच बांधून घेतली. बाजारात वांग्याचा भावसुद्धा भाजीवालीच्या कानाशी जाऊन विचारतात. ती ओरडते, "साहेब, जोरात बोला की! लोकांला वाटंल काय तरी भानगड हाये!"

तर या माणसानं 'आठवणींचा गुरुवार' काढला. गावातल्या म्हाताऱ्यांनी दुपारी चारला यायचं, चहा प्यायचा आणि जुन्या गोष्टी सांगायच्या. पहिले दोन गुरुवार आम्ही चहापुरतेच गेल्तो. मंग त्यांनी जुने फोटो बाहेर काढले. तीस वर्षांत घराघरांतून मागून आणले होते. कोणाच्या ट्रंकेतले, कोणाच्या देवघरामागचे, कोणाच्या पत्र्याच्या डब्यातले. नक्कल करून घ्यायची आणि मूळ फोटो परत नेऊन द्यायचा, तोही दोन्ही हातांनी. त्यातल्या प्रत्येक चेहऱ्याला नाव लावायचं होतं.

"जूनमध्ये माझी नोकरी संपतेय, मिस्त्री," ते कुजबुजले. "तोवर एकही चेहरा बिननावाचा ठेवायचा न्हाई. वर्धापनदिनाला भिंतीवर लावू. पण एका चेहऱ्याला दोन साक्षीदार लागतील. चुकीचं नाव बिलकुल चालणार न्हाई. चुकीचं नाव लावणं म्हणजे माणसाला दुसऱ्याच्या घरी झोपवणं."

इथं मला माझी एक खोड सांगावी लागते. 'माहीत न्हाई' हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघत न्हाईत. तिसरीत गुरुजींनी विचारलं, भारताची राजधानी कोणती. मी ठासून सांगितलं, जालना. छडी खाल्ली, पण राजधानी हलू दिली न्हाई. त्यानंतर शाळेनं मला सोडलं आणि मी शाळेला. दोघं सुखी झालो.

तर मी नावं सांगायला लागलो. हा फलाण्याचा बाप, ही त्याची धाकटी, हा पटकीत गेला, हा कर्नाटकात पळाला. ज्याचं नाव आठवंना त्याला जवळपासचं नाव दिलं. माझा दुसरा साक्षीदार दगडूबा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फोटो उलटा धरून म्हणायचा, "किसन म्हणतो तर बराबर असंल." झाल्या दोन साक्षी. घेवरचंदजी भिंगातून फोटोकडं बघायचे, मंग माझ्याकडं बघायचे आणि लिहून घ्यायचे. आमच्या वयाचं आणखी कोणी राह्यलंच नव्हतं, त्यांचा तरी काय इलाज?

एक फोटो होता गावविहिरीला पाणी लागलं त्या दिवसाचा. मधोमध फेट्यातले पाटील, बाजूला आरती घेतलेल्या बाया, आणि पार कोपऱ्यात उघड्या अंगाचा, डोक्यावर टोपलं घेतलेला एक काटकुळा पोरगा.

"हा कोण?"

"हा गणपत. कोंबड्या चोरायचा."

"चोरायचा? पुरावा?"

"तोंडावरच दिसून राह्यलं की!"

"बराबर," दगडूबा म्हणला.

घेवरचंदजी बराच वेळ पेन चावत बसले. त्यांना कोणाला चोर लिहायचं नव्हतं आणि साक्ष वायाही घालवायची नव्हती. शेवटी त्यांनी फोटोखाली चिकटवायच्या पट्टीवर सुंदर अक्षरात लिहिलं, "गणपत. कोंबड्यांविषयी ख्याती."

वर्धापनदिनाला सगळं गाव लोटलं. मी नवीन धोतर नेसून भिंतीशी उभा होतो, जणू भिंत मीच बांधली. कोणी फोटोजवळ आलं की काठीनं दाखवायचो. इतक्यात हायस्कूलचे शिंदे सर त्या विहिरीच्या फोटोपुढं थांबले. शिंदे सर म्हणजे गणपतचे सख्खे नातू. मला हे आठवायला पाहिजे होतं.

"ही ख्याती कोणी लिहिली?" सरांचा आवाज पार दारापर्यंत गेला. "आमच्या आजोबांनी उभ्या जन्मात अंडंसुद्धा खाल्लं न्हाई!"

मी छाती काढून पुढं झालो. म्हणणार होतो, सर, मी डोळ्यांनी पाह्यलंय. तेवढ्यात आमची मंडळी, सरुबाई, गर्दीतून वाट काढत आली. तिला वाचता येत न्हाई. तिनं नुसता फोटो पाह्यला आणि तोंडावर हात मारला.

"अगं बया! हे तर तुम्ही!"

"कोण मी?"

"ते टोपलंवालं! कान बघा की. असले कान पंचक्रोशीत एकाचेच. आन ते पाय! उभं राह्यलं की एका पावलावर दुसरं ठेवायचं. लगीन लागताना बी असंच उभे होते."

सगळ्यांनी आधी फोटोतले पाय पाह्यले आणि मंग माझे. मीही खाली पाह्यलं. एका पावलावर दुसरं होतं.

मागून कोणीतरी विचारलं, "मंग वहिनी, कोंबड्यांचं काय?"

"चोरल्या का ते मला माहीत न्हाई भाऊ," सरुबाई म्हणली, "पण नव्या नवरीला रस्सा मात्र आठवड्यातून दोनदा मिळायचा."

असं हसणं त्या वाचनालयानं कधी ऐकलं नसंल. पण हसू ओसरलं तशी माणसं आपापल्या घरचे फोटो निरखून बघायला लागली. एक म्हणला, हे आमचे चुलते न्हाईत. दुसरी म्हणली, आमच्या आईला जिवंतपणीच मारून टाकलंय इथं. ज्याला मी कर्नाटकात पळवलं होतं तो जन्मभर जालन्याच्या मोंढ्यात हमाली करत राह्यला होता. नाव लावलेला एकेक चेहरा परका होऊन राह्यला होता.

घेवरचंदजींनी माईक हातात घेतला. त्या माणसाचा मोठा आवाज गावानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"नावं मी लिहिली. चूक माझी. शिंदे सर, तुमच्या घराण्याची मी माफी मागतो."

माझं नाव घेतलं न्हाई. माझ्याकडं बघितलं पण न्हाई. मंग स्टुलावर चढले आणि सगळ्या पट्ट्या एकेक करून नखानं सोडवून काढल्या. फोटोला ओरखडा न पडू देता. तासभर लागला. शेवटी भिंतीवर नुसते चेहरे राह्यले.

मी त्या वेळी म्हणायला पाहिजे होतं, "न्हाई हो, चूक माझी." मी म्हणलो, "ऊन लई झालं," आणि घरी गेलो.

पुढचे चार गुरुवार मी गेलो न्हाई. चार वाजले की सरुबाई म्हणायची, "आज गुरुवार हाये." मी म्हणायचो, "असू दे." तिनं चहा केला तर तोही मी घ्यायचो न्हाई. कोणावर रुसलो होतो ते माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

पाचव्या गुरुवारी घेवरचंदजीच घरी आले. वाचनालय उघडं टाकून. मला वाटलं, आता हे दाखल-वहीतून माझं नाव खोडल्याचं सांगायला आले. बाजेच्या काठावर बसले. पिशवीतून दोन पुठ्ठे काढले. पुठ्ठ्यांच्या मधी प्लास्टिक, प्लास्टिकमधी एक फोटो.

दोन बाया. दोघींचा घुंघट छातीपर्यंत. एकीच्या कडेवर लहान लेकरू.

"हे लेकरू मी," ते म्हणाले. "यातली एक माझी आई, एक काकी. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. काकीनं वाढवलं. तिला कसं विचारू, यातली आई कोणती म्हणून? तिचं मन दुखलं असतं. वडिलांसमोर तर बोलायचीच हिंमत नव्हती. आता घरात सांगणारं कोणी न्हाई."

मी फोटो हातात घेतला न्हाई. नुसता पाह्यला.

"एका गुरुवारी तुम्ही बोलले होते," ते सांगायला लागले. "तरुणपणी मस्तगडात एका कापडवाल्याच्या अंगणात तुम्ही विहीर बांधली. अंगणात कडुलिंब, पायरीला दोन पांढरे दगड. ती विहीर आमची, मिस्त्री. तुम्ही त्या घरात दीड महिना होते. त्या वेळी आई होती." त्यांनी फोटो माझ्यापुढं सरकवला. "तीस वर्षं लोकांच्या ट्रंका धुंडाळल्या. वाटायचं, आमच्या दुकानाचं गिऱ्हाईक याच गावांचं, कोणाच्या तरी लग्नाच्या फोटोत कोपऱ्यात ती निघंल. तोंड उघडं असलेली. न्हाई निघाली. आता तुम्ही सांगा. कोणती?"

डावीकडची म्हणलं असतं तरी त्यांनी मानलं असतं. उजवीकडची म्हणलं असतं तरी. लेकरू जिच्या कडेवर तीच आई, असं सांगितलं असतं तर गोडही वाटलं असतं. माझं बोट अर्धं वर गेल्तं. दारात सरुबाई उभी होती, ती त्या बोटाकडं बघून राह्यली होती.

"माहीत न्हाई," मी म्हणलो.

अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा. विहिरीच्या तळातून धोंडा वर काढावा, तसे ते दोन शब्द वर आले. अंग दुखलं माझं.

"बराबर आहे," ते हळू म्हणाले आणि फोटो प्लास्टिकात सरकवायला लागले. त्यांना तसं उठून जाऊ देणं काही मला झेपंना.

"तोंड मला कोणाचंच दिसलं न्हाई," मी म्हणलो. "आम्ही मजूर माणसं, बाया समोर येत नव्हत्या. दुपारी दार एवढंसं उघडायचं. एक हात बाहेर यायचा, पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि आत जायचा. डावा हात. मनगटाच्या वर भाजल्याचा डाग होता, चिंचेच्या शेंगेएवढा. हात कोणाचा ते मी सांगू शकत न्हाई. डाग होता, एवढं सांगतो."

त्यांचे हात थांबले.

"काकी दोन वर्षं अंथरुणात होती," ते म्हणाले. "तिचे हात रोज मी धुवायचो. डाग नव्हता."

त्या घरात पाणी द्यायला एखादी कामवाली पण असंल, हे माझ्या मनात आलं. त्यांच्याही आलं असंल. पण त्यांनी ते काढलं न्हाई आणि मीही न्हाई.

मंग त्यांनी विचारलं, "पाणी थंड असायचं का?"

"असायचं. रांजणातलं."

"आणि संगं गुळाचा खडा?"

"न्हाई. नुसतं पाणी."

घेवरचंदजी एकदम मोठ्यानं हसले. "आजोबा गुळाच्या डब्याला कुलूप लावायचे. मिस्त्री, आमचंच घर ते!" सरुबाईनं आतून चहा आणला, तो त्यांच्यापुढं निवत राह्यला. संध्याकाळच्या गाडीची वेळ टळून गेली तरी ते उठले न्हाईत.

"परत एकदा सांगा," ते कुजबुजले. "दार उघडलं, तिथून."

मी परत सांगितलं.