सोमवारची नखतपासणी

एका जंगलात एक हायस्कूल होतं. हसू नका. जंगलातली पोरंही मोठी होतात आणि दिवसभर घरात नकोशी होतात, म्हणून हायस्कूल. गोष्ट ऐकायची असेल तर मांडी घालून बसा. ज्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं आहे, त्याने ते उघडंच राहू द्यावं. माझी हरकत नाही.

शाळेचे मुख्याध्यापक होते बगळे सर. सर जन्मापासून पांढरेशुभ्र. त्यांना स्वतःचा सदरा आयुष्यात कधी धुवावा लागला नव्हता. अशा माणसाला दुसऱ्याच्या डागांची फार काळजी असते.

म्हणून सरांनी फाटकावर पाटी लावली. सदरा पांढरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. केस तेल लावून चप्पट. नखं कापलेली. शाळेत मोठ्याने हसू नये. फाटकात सर स्वतः एका पायावर उभे राहत आणि एकेकाला निरखून आत सोडत. सोमवारी नखतपासणी असे. सगळ्यांनी रांगेत उभं राहून पंजे पुढे करायचे.

दगडू अस्वले दर सोमवारी पट्टी खायचा. तो म्हणायचा, सर, नखं कापली तर वारूळ कशाने उकरू? सर म्हणायचे, वारूळ अभ्यासक्रमात नाही.

पण शाळेत सगळ्यात जास्त हाल होते शेवंता साळिंदरेचे. शेवंता दहावीत होती. पोरगी हुशार, पण पाठीवर काटे. आई रोज सकाळी मोहाचं तेल चोपडून ते बसवायची आणि वर दोन लाल रिबिनी घट्ट बांधायची. फाटकापर्यंत सगळं ठीक असे. मग सर दिसत. सर दिसले की शेवंता घाबरायची, आणि घाबरली की काटे उभे. साळिंदराचं तसंच असतं, त्याला ती काय करणार?

सर म्हणत, "साळिंदरे, बाहेर."

मग शेवंता फाटकाबाहेर जांभळाखाली उभी राही आणि आतून ऐकू येईल तेवढा भूगोल शिके. हजेरीत तिच्यापुढे रोज फुली पडे. हजेरी पुरेशी नसेल तर दहावीच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि शेवंताला परीक्षेला बसायचंच होतं. तिच्या घराण्यात चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं.

अशात एका सोमवारी नवा विद्यार्थी आला. सुशील बिबटे.

काय त्याचा सदरा! परीटघडीचा, लांब बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. अंगावरचा एक ठिपका दिसेल तर शपथ. मिशांनासुद्धा तेल. त्याने सरांना वाकून नमस्कार केला आणि पंजे पुढे धरले. गुबगुबीत, मऊ, गुलाबी. नखाचं नाव नाही.

सरांचे डोळे भरून आले. "पाहा," ते रांगेला म्हणाले, "याला म्हणतात संस्कार."

तुम्हाला ठाऊक आहे ना, बिबट्या नखं आत ओढून घेतो? तुम्हाला ठाऊक आहे. शेवंतालाही ठाऊक होतं. सरांना नव्हतं, कारण सर शिक्षणशास्त्राचे पदवीधर होते.

सुशीलला बसवलं शेवंताच्या मागच्या बाकावर. त्या दिवशी ती कशीबशी आत पोचली होती. पण मागून त्याचा श्वास मानेवर आला आणि रिबिनींसकट सगळे काटे ताठ. पुन्हा जांभळाखाली.

सुशीलचं वागणं मात्र आदर्श होतं. तो वर्गात बोलत नसे. हसत तर मुळीच नसे. नुसता एकेकाकडे प्रेमाने बघत असे. मधल्या सुट्टीत त्याचा डबा रिकामा असायचा. आई डबा देत नाही का रे, असं सरांनी एकदा मायेने विचारलं. तो म्हणाला, देते की सर, पण मला इथेच मिळतं.

पहिल्या आठवड्यात एक ससा गैरहजर राहिला. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक ससा आणि एक भेकर. सरांनी तिघांच्याही घरी चिठ्ठ्या पाठवल्या, की आपला पाल्य विनापरवानगी गैरहजर आहे, समक्ष येऊन भेटावे. शिक्षकांच्या बैठकीत मात्र ते म्हणाले की बिबटे आल्यापासून वर्गातला गोंगाट कमी झाला आहे.

शेवंताने धीर करून एकदा सरांना गाठलं. "सर, बिबटेची नखं आत आहेत."

"आत आहेत ना?" सर म्हणाले. "मग झालं तर. आपला नियम बाहेरच्या नखांचा आहे. आणि तू आधी तुझी पाठ बघ."

शनिवारी सुशीलला आदर्श विद्यार्थ्याचा बिल्ला द्यायचं ठरलं. सरांनी त्याला ऑफिसात बोलावलं. दाराबाहेर शेवंता उभी होती. तिच्या हातात आईच्या अंगठ्याचं हमीपत्र होतं, की यापुढे माझी मुलगी काटे उभे करणार नाही. ते देऊन हजेरीसाठी पाया पडायचं, असं तिने ठरवलं होतं.

आत सरांनी बिल्ला काढला. मग आठवण झाल्यासारखे म्हणाले, "रीत म्हणून एकदा नखं दाखव बाळ."

"खरंच दाखवू, सर?" सुशीलने विचारलं.

आणि दाखवली. अठराच्या अठरा.

सर उडायचंसुद्धा विसरले. टेबलाखाली शिरले, पण मान मावली नाही. शेवंताने दारातून ते पाहिलं. तिला इतकी भीती वाटली, इतकी भीती वाटली, की आजवर कधी उभे राहिले नव्हते तेही काटे उभे राहिले. हमीपत्र तिने दातात धरलं, पाठ फिरवली आणि साळिंदरं जातात तशी उलटी, भरधाव आत शिरली.

सुशील खिडकीतून गेला. सदरा गजाला अडकून राहिला.

थोड्या वेळाने टेबलाखालून सर आले. त्यांनी पिसं झटकली, चष्मा पुसला आणि शेवंताकडे बघितलं. मला वाटलं होतं, आता तरी शाबासकी देतील.

"साळिंदरे," सर म्हणाले, "एक रिबीन कुठे आहे?"

"त्याच्या नाकात, सर."

सरांनी वहीत शेरा लिहिला. विनापरवानगी ऑफिसात प्रवेश, काटे उभे, रिबीन एक. इथे मला फार राग येतो, म्हणून मी पाणी पिऊन पुढे सांगतो.

सोमवारी दगडू अस्वले न कापलेली नखं घेऊन आला. त्याच्यामागे माकडं बटणं उघडी टाकून आली. मोरांनी पिसारे मोकळे सोडले होते. सर प्रत्येकाला "बाहेर" म्हणाले आणि प्रत्येक जण खुशीने बाहेर गेला. जांभळाखाली शेवंता होती, आणि शेवंताच्या आसपास कुणी कुणाला खात नव्हतं. दहा वाजेपर्यंत अख्खी शाळा बाहेर आली आणि मोठमोठ्याने हसायला लागली.

आत सर एकटे उरले. वर्ग स्वच्छ, बाक सरळ, चिडीचूप शांतता. सर सुखावले. मग त्यांना आठवलं की हजेरीपट कोरा गेला तर वरचे साहेब शाळाच बंद करतील. नाइलाजाने पट काखेत मारून ते जांभळाखाली आले आणि नावं पुकारू लागले.

"साळिंदरे शेवंता."

"हजर, सर," शेवंता म्हणाली. तिचे काटे उभे होते आणि त्या दिवशी ते कुणी मोजले नाहीत. पुढे शाळा जांभळाखालीच भरत राहिली. शेवंता परीक्षेला बसली आणि पासही झाली.

आणि सुशील? नाकाला पट्टी लावून त्याची आई दाखला न्यायला आली. पट्टी आईच्या नाही, सुशीलच्या नाकाला. सरांनी शेऱ्यांची वही उघडली. बिबटेच्या नावावर एकही शेरा नव्हता. खिडकीतून जाण्याला नियमात मनाई नव्हती आणि मुख्याध्यापकांना खाण्याचा रकाना वहीत नव्हता. सरांनी दाखल्यावर लिहिलं : वर्तणूक उत्तम, नखे स्वच्छ.

त्या दाखल्यावर त्याला शेजारच्या जंगलातल्या शाळेत प्रवेश मिळाला. तिथे तो आता वर्गाचा मॉनिटर आहे.

तात्पर्य : मुलांनो, नखं कापत बसू नका. आत ओढायला शिका.