नाना मुकादमांची साबणाची टोळी

आमच्या शेजारचे नाना मुकादम रोज सकाळी साबणांची हजेरी घेतात. ओसरीवर पाट, पाटावर वर्तमानपत्र आणि त्यावर रांगेनं गुलाब, कमळ, झेंडू, सूर्यफूल. सगळे साबणाचे. नाना चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि एकेकाकडं बोट करत पुढं सरकतात. साच्यातून काढताना एखाद्या कमळाची पाकळी तुटली असली की म्हणतात, "ह्याचा खाडा लावा." हे ते कुणाला सांगतात ते मला अजून कळलेलं नाही, कारण ओसरीवर दुसरं कुणीच नसतं.

धारूरच्या बाजारात लोक आजही त्यांना मुकादम म्हणूनच रामराम घालतात. ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन त्यांनी उभी हयात कारखान्यांवर काढली. आवाज असा, की फडाच्या एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाची माणसं हातातलं काम थांबवून वळून बघायची. पुढं गुडघ्यांनी असहकार पुकारला, टोळी पुतण्याकडं गेली आणि नाना साबणाकडं वळले.

खरं तर हा उद्योग नानींचा. बचत गटात त्या शिकून आल्या. साचे, रंग, सुगंधाच्या बाटल्या, साबणाच्या पारदर्शक लाद्या, सगळं हौसेनं मागवलं. माल यायच्या आत पुण्याला सुनेला बाळ झालं. नानी गेल्या त्या तिकडंच अडकल्या. ते बाळ आता घरभर पळतंय.

"बरं झालं की," नाना सांगतात, "घर कसं शांत झालं. लई बोलायची ती." हे ते इतक्यांदा सांगतात की ऐकणाऱ्याला शंका यावी.

साबण वितळवतानाही नाना मुकादमच असतात. लादीचे तुकडे पातेल्यात, पातेलं गरम पाण्यावर. साच्यात ओतलं की वर बुडबुडे येतात, ते मोडायला स्पिरिटचा फवारा. तेवढा वेळ ओसरीवर कुणी हलायचं नाही. मी एकदा ऐन फवाऱ्याच्या वेळी शिंकलो, तेव्हापासून माझी जागा उंबऱ्याबाहेर आहे.

त्यांच्याकडं सुटा साबण मिळत नाही. ऊसतोडीच्या टोळीत नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजतात, एकट्याला घेत नाहीत; तोच कायदा नानांनी साबणाला लावलाय. गुलाब हवा असेल तर सोबत झेंडू न्यायचाच. बाजारात एक कॉलेजची पोरगी हट्टाला पेटली, तिला एकच पाहिजे होता.

"एकला कसा जाईल त्यो?" नाना म्हणाले. "करमायचं न्हाई त्याला."

पोरगी दोन घेऊन गेली.

पावसाळ्यात साबणांवर पाण्याचे थेंब जमायला लागले, तेव्हा एक गिऱ्हाईक तणतणत आलं. "नाना, साबणाला घाम फुटायलाय."

"मग काम करायलाय म्हन की. बिनघामाचा गडी म्या टोळीत ठिवला न्हाई."

संध्याकाळी देवाजवळ दिवा लागला की नानींचा व्हिडिओ कॉल येतो. दिवसभरात रंगवलेलं एक फूल नाना फोनपुढं धरतात आणि नानी पुण्याहून त्यांची बिनपाण्यानं हजामत करतात. "अवो, गुलाबाला जांभळा देठ कुठं बघितला तुमी? शेतात जन्म गेला, आन एवढं कळंना?" ज्यांच्या धाकात सगळी टोळी असायची ते नाना मान खाली घालून ऐकून घेतात. मला फार वाईट वाटायचं. मी शाळेत मराठी शिकवतो, रंगातलं मला ओ की ठो कळत नाही. पण पान हिरवं असतं एवढं माहीत आहे. म्हटलं, म्हातारपणी बायकोपुढं त्यांची अब्रू वाचवावी.

म्हणून परवा परसातला खरा झेंडू तोडून नेला आणि नमुना म्हणून त्यांच्यापुढं ठेवला. नानांनी तो निरखला आणि साबणाचा झेंडू रंगवायला घेतला. आत गर्द केशरी, कडेला पिवळा, पाकळ्यांच्या टोकांवर करंगळीनं टेकवलेली सोनेरी पूड, खाली हिरवंगार पान. त्यांच्या जाड बोटांतून इतकं नाजूक काम उतरेल असं मला वाटलं नव्हतं.

"नाना," मी खुशीत म्हणालो, "आज नानींना बोलायला जागाच ठेवली नाही तुम्ही."

नानांचा चेहरा पडला. त्यांनी देवघराकडं बघितलं. दिवा लावायची वेळ झाली होती. घाईनं त्यांनी ब्रश निळ्या रंगात बुडवला आणि त्या सुंदर पानावर फासला.

"अहो, का बिघडवलं?"

"मागं एक फूल असंच ब्येस झालतं," ते ब्रश पुसत म्हणाले. "ती 'छान' म्हनली आन फोन ठिवला. चुकलं म्हंजी बोलती, गुरुजी. निळं पान हाय, आज लई येळ बोलंल."

तेवढ्यात फोन वाजला.

"अवो, पान कुठं निळं असतंय?" नानी तिकडून सुरू झाल्या.

नानांनी फोन तांब्याला टेकवून नीट उभा केला, उशी पाठीशी घेतली, दुखरे पाय लांब केले.

"नसतंय व्हय?" ते म्हणाले. "मग कसं असतंय? सांग बरं, सावकाश सांग."