स्वल्प वास घे की

सकाळी आठच्या आत कुणी दारात येऊन लोणच्याच्या बरणीतलं पाणी तुमच्या नाकाखाली धरलं, तर तुम्ही काय कराल? मी दार लावून घेतलं होतं. त्यावर त्या गृहस्थांनी बरणी खिडकीच्या गजांतून आत सारली आणि शांतपणे म्हणाले, "स्वल्प वास घे की."

हे आमचे शेजारी अण्णा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलं, त्यामुळे मराठी घरातली आणि मधूनमधून शब्द कन्नड. 'थोडं' हा शब्द त्यांच्याकडे नाहीच, सगळं 'स्वल्प'; आणि 'बरं'च्या जागी 'सरी'. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला. माझी मराठी त्यांना पेपरातल्यासारखी वाटते. बनशंकरीतलं हे घर भाड्यानं देताना मालकांनी मला बोअरचं पाणी, पार्किंग, कचऱ्याची गाडी, सगळं समजावून सांगितलं होतं. अण्णांबद्दल चकार शब्द काढला नाही.

अण्णांचं म्हणणं एवढंच होतं, की गल्लीच्या तोंडाशी जो पेट्रोल बंक आहे (पंपाला इथे बंक म्हणतात), त्याची जमिनीखालची टाकी गळते आहे. ते पेट्रोल झिरपत झिरपत त्यांच्या परसातल्या विहिरीत आणि आमच्या सगळ्यांच्या बोअरमध्ये येतं आहे. बंकवाला म्हणायचा, रस्त्यावर एवढ्या गाड्या, वास येणारच. गल्लीतले म्हणायचे, अण्णांना उद्योग नाही. मी काहीच म्हणायचो नाही, कारण आठ वाजता माझी मीटिंग असायची.

रोज सकाळी सात घरांचं पाणी सात बरण्यांत भरून अण्णा दारोदार हुंगवत फिरायचे. बगलेत वही. वहीत तीन रकाने: आहे, नाही, स्वल्प. एका घरचं पाणी दुसऱ्या घरच्यांनी हुंगायचं, हा नियम. "आपल्या घरच्या वासाची सवय होते रे." सर्दी झाल्याचं सांगून सुटका नाही. "सरी, मग बायकोला बोलव." माझी बायको मृणाल बिचारी पोळ्या लाटता लाटता येऊन हुंगून जायची. एकदा मी कॅमेरा चालू ठेवून मीटिंगमध्ये बसलो होतो आणि खिडकीतून बरणी आली. लवकर मिटवावं म्हणून मी ती हुंगली, मान हलवली आणि परत दिली. पुढचा आठवडाभर ऑफिसातले लोक मला विचारत होते, की सकाळी सकाळी काय घेतोस?

यातली खरी चीड आणणारी गोष्ट वेगळीच होती. अण्णांनी तीस वर्षं उदबत्तीच्या कारखान्यात वास पारखण्याचं काम केलेलं. चंदनाच्या तेलात भेसळ असली तर बाटलीचं झाकण सैल करताच सांगायचे म्हणे. मग आमच्यासारख्यांची बोथट नाकं कशाला? मी विचारलं तर म्हणाले, "एका नाकाचं खरं धरू नये. चारचौघांची साक्ष लागते."

अर्ज करकरून त्यांनी प्रदूषण खात्याला इतकं पिडलं, की शेवटी एक अधिकारी बाई माणसं आणि यंत्र घेऊन आल्या. गल्लीत ठिकठिकाणी अरुंद भोकं पाडली, त्यांत पाइप बसवून वर झाकणं लावली आणि नमुने नेले. अहवाल आला. टाकी गळत होती. अण्णांच्या विहिरीत पेट्रोल होतं आणि आमच्या बोअरमध्येसुद्धा. त्या पाण्यानं आम्ही भाज्या धूत होतो, भात शिजवत होतो. मला त्या दिवशी खरोखर लाज वाटली. बंक बंद झाला, जुनी टाकी उकरून काढली, घरोघरी टँकर सुरू झाले.

त्या बाईंनी अण्णांना दोन गोष्टी सांगितल्या. नमुन्याची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर पाण्यातलं पेट्रोल त्या हवेत निघून जातं. आणि दुसरं, असलं पाणी हुंगत बसायचं नाही, तब्येतीला वाईट. पहिली गोष्ट अण्णांनी वेदवाक्यासारखी उचलली. बरणी उलटी करून बुडबुडा शोधायचे, सापडला तर पुन्हा विहिरीवर. दुसऱ्या गोष्टीला "सरी, सरी" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी आठच्या आत माझ्या खिडकीत हजर.

आता खात्याची माणसं दर तीन महिन्यांनी येऊन नमुने नेतात. मागचा अहवाल चांगला आला. तरी बरणी सुटेना. परवा रविवारी, सकाळी पावणेसातला बेल वाजली आणि माझा तोल गेला. "अण्णा, खात्याची यंत्रं आहेत ना? आणि गल्लीत सगळ्यांत तयार नाक तुमचं! स्वतः हुंगा आणि मला झोपू द्या!"

अण्णा पायरीवर बसले. बरणी मांडीवर घेतली.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "कोरोनात गेला. परत आलाच नाही."

मी दार ओढून घेऊन बाहेर आलो.

"कुणाला सांगितलं नाही. कारखान्यातून अजून बोलवायचे मला, नवीन माल आला की. काय सांगू त्यांना? तेव्हा आमची ही होती. एक दिवस तांब्या घेऊन आली. म्हणाली, अहो, पाण्याला कसलातरी वास येतोय, बघा की. मी तांब्या नाकाशी नेला आणि म्हटलं, काही नाही. चार दिवसांनी परत आली. मी ओरडलो. तीस वर्षं नाकावर संसार केला, तू मला शिकवतेस? मग ती गप्प झाली. तेच पाणी पीत राहिली."

मी गेल्या वर्षी इथे आलो, तेव्हा त्या जाऊन काही महिनेच झाले होते. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं आहे.

"डॉक्टर म्हणाले, तिच्या आजाराचा पाण्याशी संबंध आहे असं सांगता येत नाही. नाही असंही सांगता येत नाही. तेराव्याला आचारी आला होता. विहिरीचं पाणी काढलं आणि म्हणाला, अण्णा, याला पेट्रोलचा वास मारतोय. तिचं नाक बरोबर होतं बघ. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला."

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसलो, बरणीचं झाकण उघडलं आणि चांगला वेळ घेऊन वास घेतला. मग मृणालला हाक मारली. तिनंही घेतला.

"काही नाही, अण्णा," ती म्हणाली. "खरंच नाही."

अण्णांनी वही उघडली, पण लिहिलं काही नाही.

"वास येत नाही हे तुला सांगितलं बघ," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "दोन मिनिटं पण लागली नाहीत. तिला सांगायला काय झालं होतं मला?"