खरातमामांची कोरी हवा

सांगलीच्या आमच्या कॉलेजात मी रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूमच्या दारात खरातमामांनी मला हुंगलं. खरोखर हुंगलं. मग म्हणाले, "बाई, मान धुऊन या. पावडर हाय."

मामा केमिस्ट्रीच्या लॅबमधले शिपाई, मूळचे वडूजकडचे. दिवसभर आम्लांच्या वासात वावरणाऱ्या या माणसाला अत्तराचं मात्र वावडं. "हवा कोरी पायजे," हे त्यांचं पालुपद. स्प्रे मारून आलेल्या पोरांना ते मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावत. प्राचार्यांच्या केबिनमधली सुगंधी डबी दर सोमवारी गायब होई. सरस्वतीपूजनाची उदबत्ती त्यांनी बाहेर लिंबाखाली नेऊन खोचली. प्राचार्य भडकले, तर म्हणाले, "देवीला खिडकीतनं दिसतंय की!"

आम्ही त्यांना 'नाक' म्हणायचो. मीही म्हणायचे. आज लाज वाटते.

निवृत्तीच्या आधी मामा माझ्याकडे आले. निरोप समारंभाला हार नको, अत्तर-गुलाबपाणी नको, फक्त हॉल कोरा ठेवा म्हणाले. "आमच्या मंडळीला आणायचंय."

मालनमामी कुपवाडला उदबत्तीच्या कारखान्यात कामाला होत्या. तिथंच छाती खराब झाली. "बारा वर्सं झाली, बाई. लगीन न्हाई, बारसं न्हाई, देऊळ न्हाई. वास आला की धाप लागती. म्हनलं, ह्या हॉलात तरी बसंल एकदा. म्हणून तर तुमास्नी सवय लावत हुतो."

मामी आल्या. खिडकीजवळ बसल्या, नवं लुगडं नेसून. आम्ही सगळे त्या दिवशी साबणसुद्धा न लावता आलो होतो.

आणि चूक केली मीच. पहिल्यांदा आलेल्या सवाष्णीला तशीच कशी पाठवायची? त्रास धुराचा, अत्तराचा. फुलानं काय होतंय, असं मला वाटलं. 'हार नको' हा तर मी मामांचा विनय समजले होते. ओटी भरताना मी ओल्या रुमालातून मोगऱ्याचा गजरा काढला. मामींचा चेहरा उजळला. त्यांनी गजरा नाकाशी नेला आणि खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. मामांचं भाषण खिशातच राहिलं. रिक्षा आली, दवाखाना झाला.

दोन आठवड्यांनी धीर करून घरी गेले, केसांना तेलही न लावता. मामांनी दारात हुंगलं. "या," म्हणाले.

मामी अंथरुणात, नाकाला नळी. उशाशी लॅबमधली काचेची बरणी, आत काळपटलेला गजरा, झाकण मेणानं बंद केलेलं. "टाकू दीना," मामा म्हणाले. "रोज बघती."

मी हात जोडले. मामींनी ते खाली करायला लावले. थांबत थांबत म्हणाल्या, "वास घ्यायच्या आतच उबळ आली. कसा हुता, बाई?"

इतकी वर्षं कविता शिकवली, सुगंधाच्या ओळी पाठ होत्या. पण ऐकताना पुन्हा उबळ आली तर, अशी भीती वाटली. मी मामांकडे पाहिलं. ते मामींचे पाय चेपत होते.

"सांगा की, बाई," ते मान वर न करता म्हणाले. "सांगितल्यानं धाप लागत न्हाई."