रिकाम्या पोटाची गोळी

लाय तेंग-फा रोज सकाळी बरोबर नऊला एक गोळी घेत. ब प्रकारच्या काविळीनं त्यांचं यकृत निकामी केलं, तेव्हा लेकीनं, यी-च्वाननं, आपल्या यकृताचा मोठा तुकडा त्यांना दिला होता. तो विषाणू नव्या यकृतात पुन्हा शिरू नये म्हणून ही गोळी. अट एवढीच, की आधी दोन तास आणि नंतर दोन तास पोटात काही जाऊ द्यायचं नाही.

त्या दिवशी काऊश्युंग बंदरालगतच्या त्यांच्या गल्लीत दर्यादेवी माझूचा वाढदिवस होता. पावणेनऊला शेजारच्या श्यू आजी प्रसादाचा तांदळाचा लाल केक घेऊन आल्या. आजींना नाही म्हणायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. लायांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि गोळी पावणेअकरावर गेली. लेकीला त्यांनी "घेतोच आहे" असा निरोप धाडला.

साडेदहाला देवळाचे कारभारी कू परतलेल्या शेवया घेऊन हजर.

"आजींचं चालतं, आमचंच तेवढं चालत नाही होय?"

गोळी साडेबारावर गेली. बारा वीसला पालखी दारात थांबली, भोयांनी सूपचा वाडगा हातात दिला. गोळी दोन वीसवर.

मग मात्र लायांनी दाराला आतून कडीच घातली, फोनचा आवाज बंद केला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले. आजींनी तीनदा दार वाजवलं, उत्तर नाही. घाबरून त्यांनी यी-च्वानला ती शिकवते त्या शाळेत फोन लावला.

ती वर्ग सोडून स्कूटरवरून धावत आली आणि मागच्या दारानं आत शिरली. वडील गोळी हातात धरून घड्याळाकडं बघत होते. त्यांनी खालमानेनं सगळं सांगितलं. तिनं इस्पितळात विचारलं. आज उशिरा घेतली तरी हरकत नाही, उद्या परत नऊला, पण चुकवू नका, असं तिकडून कळलं. दोन वीसला लायांनी गोळी गिळली.

जिवात जीव आला तशी यी-च्वानला भूक लागली. तिनं केक संपवला, शेवयांचा डबा उघडला.

"माझ्यासमोर खातेस?" लाय म्हणाले.

"माझं निम्मं यकृत तुमच्याकडं उपाशी बसलंय, बाबा. उरलेल्याला तरी जेवू द्या."

लायांनी तिखटाची बाटली तिच्यापुढं सरकवली.