कबुतरांची वजाबाकी

"गणिताला शाळा कशाला हवी? डोक्यावर अख्खं आकाश आहे!" वगीहनं बायकोला ठणकावून सांगितलं आणि कैरोतल्या आपल्या गच्चीवर वीस कबुतरांची ढाबळ उभी केली. त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीनं, रिहामनं, शाळेत गणिताची धास्ती घेतली होती, म्हणून यंदा तिचे धडे घरीच. बायकोची, इनशिराहची, अट एकच. शुक्रवारी तिची थोरली बहीण तहिया परीक्षा घेणार. पोरगी नापास झाली, तर रविवारी तिथला आठवडा सुरू होताच शाळा.

तहिया म्हणजे गणिताची निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्यासमोर वगीहला स्वतःचं वयसुद्धा आठवत नसे. आठवडाभर तो बिचारा धड जेवला नाही, की धड एका जागी बसला नाही.

शुक्रवारी तहियानं चहा संपवला आणि विचारलं, "वीस कबुतरं. तीन उडाली. किती उरली?"

"तेवीस," रिहाम म्हणाली.

वगीहला ठसका लागला.

"नीट विचार कर, बाळ."

"केला, मावशी. तीन उडाली की सहा उतरतात. शेजारच्या हाजी मुतवल्लींची कबुतरं फार भोळी आहेत. बाबा संध्याकाळी परत देऊन येतो."

दुसऱ्याचं कबूतर आपल्या ढाबळीत उतरलं की ते आपलं, हा तिथल्या गच्च्यांचा जुना कायदा. वगीहला तो ठाऊक होता. पण तो गणितात येऊन बसेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मी गणवेश इस्त्री करायला घेते," इनशिराह उठली.

"थांब, करूनच दाखवतो. वर चला सगळे."

गच्चीवर त्यानं ढाबळीचं दार उघडलं. तीन कबुतरं गेली. घाईघाईत कडी बसेना, आणि दार लागेपर्यंत आणखी दहा सटकली! पलीकडच्या गच्चीवर हाजी मुतवल्लींनी शीळ घातली, कबुतरांना खाली बोलावायचं निशाण फडकवलं आणि तेराच्या तेरा उतरवून घेतली.

"वीस वजा तीन?" तहियानं विचारलं.

"सात," रिहाम खालमानेनं म्हणाली.

"उस्ताद, अजून पाठवा," मुतवल्ली ओरडले. "जागा आहे."

तहियाचं डोकं फिरलं. तिनं शाल कमरेला खोचली, ढाबळीला टेकवलेलं वगीहचं निशाण ओढून घेतलं आणि उरलेली सात उडवली. बालपण ढाबळीवरच गेलं होतं बाईंचं! ऊन उतरेपर्यंत तिनं आकाश ढवळून काढलं आणि सातांमागून एकोणीस खाली आणली.

"एकूण?"

"सव्वीस," रिहाम म्हणाली. "आपली वीस. सहा हाजींची. ती द्यायची?"

"मुळीच नाही. पोरगी पास. शाळेची गरज नाही."

वगीहचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे मीच शिकवू ना?"

"तू? तुला दार लावता येत नाही. उद्यापासून रोज मी येते. आणि तूही वही घेऊन तिच्या शेजारी बसायचं."

वगीहनं ढाबळीचं दार दोनदा ओढून पाहिलं. रिहामनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"घाबरू नकोस, बाबा. पहिले आठ दिवसच रडू येतं."