सोनकांबळे सिस्टरचा नंबर

आमच्या आरोग्य केंद्रात टॅबचा केसपेपर आहे. मी चेष्टा करत नाही. माझ्या औषधाच्या खिडकीत तो फाईलला लावलेला आहे. नाव : टॅब. वय : दोन वर्षे. तक्रार : कालपासून उघडत नाही, अंग गरम. उपचार : बंद करून पंख्याखाली ठेवला. आराम न पडल्यास नांदेडला पाठविणे. खाली तारखेसह सही सोनकांबळे सिस्टरची.

भोकरच्या पुढं, रस्ता सोडून आत गेल्यावर आमचं केंद्र लागतं. मी तिथं गोळ्या देतो. हुद्दा मोठा आहे, काम तेवढंच. सिस्टर माझ्याही आधीपासून तिथं. मूळच्या उदगीरच्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. बोलताना समोरच्याचं मनगट धरायची त्यांना सवय. आपण रजेबद्दल काही विचारायला जावं, तर उत्तर देता देता त्या आपली नाडी मोजून मोकळ्या होत. "पठाणभाऊ, चहा लई व्हायलाय तुमचा," असा शेरा वर.

यंत्रांशीही त्यांची हीच भाषा. नेटवर्क गेलं की 'नाडी लागंना झाली'. चार्जिंग म्हणजे सलाईन. ॲपची नवी आवृत्ती आली की कपाळाला हात लावून म्हणत, "परत बाळंत झालं बघा हे. आधीचंच अजून रांगंना."

आणि ॲप तरी किती. गरोदर बायांचं एक, लसीकरणाचं दुसरं, बीपी-शुगरचं तिसरं, आणि हे सगळं वेळेवर भरलं का ते बघणारं चौथं. हजेरीचं वेगळंच. त्याला सकाळी चेहरा दाखवावा लागे, आणि उन्हातून चालत आलेला सिस्टरचा चेहरा त्याला ओळखू येत नसे. मग त्या तोंड धुऊन, पाच मिनिटं दम खाऊन परत त्याच्यापुढं उभ्या राहत. तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला रोज सकाळी आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागत होतं. आम्ही हसायचो. आता मला त्यात हसण्यासारखं काय होतं ते आठवत नाही.

शिकण्यात मात्र त्यांनी कसूर केली नाही. नांदेडच्या प्रशिक्षणाला त्या पहिल्या रांगेत बसत. शिकवणारा पोरगेला साहेब पडद्यावर भराभर बटणं दाबत जाई आणि सिस्टर वहीत उतरवून घेत. ती वही मी पाहिली आहे. 'वरच्या कोपऱ्यात निळं बटण. एकदाच दाबावे. चाक फिरू लागल्यास हात लावू नये, त्याला त्रास होतो.' दोन महिन्यांनी ते निळं बटण खाली गेलं. सिस्टर पान फाडत नसत. त्याच पानावर लाल शाईनं लिहीत, 'बटणाची बदली झाली. ऑर्डर मिळाली नाही.'

पडद्यावरून नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलायची सोय झाली तेव्हा तर कहरच झाला. रुग्णाला खुर्चीत बसवून सिस्टर स्वतः शेजारी उभ्या राहायच्या. डॉक्टरांसमोर बसायचं नसतं, ही त्यांची पहिल्या नोकरीपासूनची शिस्त. डॉक्टर पडद्यात असले म्हणून काय झालं. त्यामुळं वर्षभर त्या डॉक्टरांना सिस्टरचा फक्त गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा दिसत होता. ते बिचारे बसा बसा म्हणत. एकदा बोलता बोलता त्यांचं चित्र तोंड उघडं राहून थिजलं, तर सिस्टर अदबीनं म्हणाल्या, "सर, तुमी आडकून राहिलात. तोंड मिटून घ्या, आमी थांबतो."

त्या क्वार्टरमध्ये एकट्या राहत. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. उदगीरचा एक भाचा चौदा एप्रिलला फोन करायचा, जय भीम म्हणायचा आणि ठेवायचा. हे मला बऱ्याच उशिरा कळलं, कारण सिस्टरच्या फोनवर दिवसभर इतके मेसेज वाजत की या बाईचा गोतावळा मोठा असणार अशी माझी समजूत होती.

ते मेसेज कसले, ते सांगतो. नव्या ॲपमध्ये गरोदर बाईची नोंद करायची तर मोबाईल नंबर लागे. त्यावर आकडा येणार, तो सांगितला की नोंद पक्की. आता आमच्या वाड्यांमधल्या बायांकडं कुठला आलाय फोन. घरात एकच, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. त्याला फोन लावून आकडा विचारायचा, तर तो आधी विचारणार की आकडा कशाचा, तुम्ही कोण. बाई उन्हात ताटकळत बसणार. सिस्टरनी दोन दिवस हे सोसलं आणि तिसऱ्या दिवशी सरळ स्वतःचा नंबर टाकला. ॲपनं हूं की चूं केलं नाही. मग दुसरीलाही टाकला, तिसरीलाही. बघता बघता चार वाड्यांतल्या सगळ्या गरोदर बाया सिस्टरच्या नंबरवर नोंदल्या गेल्या.

आणि सगळ्यांचे निरोप सिस्टरला येऊ लागले. 'अभिनंदन, आपण आई होणार आहात.' एका दिवसात चारचार वेळा. छप्पन्न वर्षांची बाई खिडकीत येऊन मला ते वाचून दाखवायची. 'आपला सातवा महिना सुरू झाला आहे. जड उचलू नये.' "बघा भाऊ, किती काळजी घेऊन राहिलंय सरकार माझी," असं म्हणून हसायची, औषधाची पिशवी उचलायची आणि ज्या बाईचा तो सातवा महिना असे तिच्या वाडीला चालू लागायची. एकही निरोप चुकला नाही. एकाही बाईची तपासणी बुडाली नाही. हे मी स्वतः पाहिलं आहे.

मग जिल्ह्याच्या कुणा साहेबांनी यादी नंबरवार लावून पाहिली. इतक्या बायांचा एकच नंबर म्हणजे नोंदी बोगस, असा निष्कर्ष निघाला. सिस्टरना कारणे दाखवा नोटीस आली. त्यांनी उत्तर लिहिलं, 'नंबर माझा आहे. बाया खऱ्या आहेत. येऊन बघाव्यात.' बघायला कोणी आलं नाही. हुकूम आला की आठ दिवसांत प्रत्येकीच्या नावापुढं तिच्या घरचा नंबर टाकावा, नाहीतर नावं यादीतून जातील. काम मला दिलं, कारण केंद्रात मला कॉम्प्युटर येतो असा लौकिक आहे.

सिस्टर वाड्या फिरून नंबर आणायच्या आणि मी एकेका नावापुढून त्यांचा नंबर खोडायचो. एकदा त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "भाऊ, निरोप ज्याच्याकडं जायलाय त्याला तो कळतोय का, हे बी पुसतंय का तुमचं ॲप?" मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. ज्याचा निरोप त्याच्या घरी गेला पाहिजे, तुम्ही कुठवर पुरणार, वगैरे. चांगली दहा मिनिटं समजावली. त्या ऐकून घेत होत्या. मला माझ्या त्या दहा मिनिटांची फार लाज वाटते.

मंगल नावाची एक पोर होती, पहिलटकरीण, आठवा महिना. पायावर सूज, बीपी वाढलेलं. नांदेडच्या डॉक्टरांनी तिला पडद्यावर पुढच्या आठवड्याची वेळ दिली होती. नंतर रिपोर्ट बघून त्यांनी ती अलीकडं ओढली, परवाच या म्हणून. निरोप मंगलच्या घरच्या नंबरवर गेला. म्हणजे हैदराबादला, तिच्या नवऱ्याच्या फोनवर. त्यानं तो कंपनीचा मेसेज समजून उघडलाही नाही. आमच्या टॅबवर ती वेळ दिसायला हवी होती, पण त्या दोन दिवसांत टॅबमध्ये नवी आवृत्ती भरत होती आणि चाक फिरत होतं. त्या परवाच्या दिवशी मंगल घरीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला झटके येत असताना आणलं. सिस्टर तिच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये नांदेडला गेल्या. मंगल वाचली. बाळ गेलं.

तीन दिवसांनी सिस्टर परत आल्या. खिडकीत उभ्या राहून विचारलं, "मंगलच्या नावापुढं नंबर बरोबर टाकला होता का?"

मी पुन्हा पडताळून सांगितलं, बरोबर होता.

"मग तुमची चूक न्हाई, भाऊ."

त्यांनी शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्या महिन्याच्या शेवटी अचूक नोंदींमध्ये आमचं केंद्र तालुक्यात पहिलं आलं आणि प्रशस्तिपत्र माझ्या नावानं आलं. सिस्टरनीच ते पाकिटातून काढून माझ्या हातात दिलं. त्यात टोमणा नव्हता. तो शोधायला मी त्यांच्या चेहऱ्याकडं बराच वेळ पाहिलं.

नंतर त्या पूर्वीसारख्याच येत, जात. सकाळी चेहरा दाखवत, वहीत बटणांच्या बदल्या लिहीत. वाड्यांना जात, पण आता कोणाचा कितवा महिना लागला हे त्यांना आठवून जावं लागे, आणि आठवण दगा देऊ लागली होती. एकदा एका बाईकडं आठवडाभर उशिरा पोचल्या. मी सिस्टरचा नंबर परत टाकायचा प्रयत्न केला. लपून केला. नव्या आवृत्तीनं तो घेतला नाही. हा नंबर प्रतिबंधित आहे, असं लाल अक्षरांत आलं.

परवा दुपारी औषधाची रांग संपल्यावर सिस्टर खिडकीत आल्या आणि फोन माझ्यापुढं ठेवला. म्हणाल्या, "जरा बघा बरं याला काय झालंय. लई दिवस झाले, वाजंनाच."

मी पाहिला. चार्जिंग पूर्ण, नेटवर्क पूर्ण, आवाज मोठा. फोनला काहीही झालेलं नव्हतं. मी तो त्यांच्या हातात परत दिला, माझा फोन काढला आणि त्यांचा नंबर लावला. तो मला पाठ आहे, इतक्या वेळा मी तो खोडला आहे.

फोन मोठ्यानं वाजला. सिस्टरनी माझ्याकडं पाहिलंच नाही. घाईघाईनं पिशवी खांद्याला अडकवली, फोन कानाला लावला आणि दाराकडं दोन पावलं टाकून म्हणाल्या, "हां, सिस्टर बोलून राहिले. बोल बाई, कोणत्या वाडीहून?"